जुन्या शटरवाल्या टीव्हीवर ओटीटी: पिक्चर ट्यूब ठेवावी की काढावी?

खटपट्या
लाकडी शटरवाले २० इंची कृष्णधवल संच भंगारात अजून मिळतात. त्यावर ओटीटी बघायचं तर माझं मत सरळ आहे: ट्यूब काढा, एलसीडी पॅनेल (सपाट पडदा) बसवा. १६०० बाय १२०० चं २०.१ इंची जुनं मॉनिटर पॅनेल ४:३ असतं. दिसणारा भाग साधारण ४०८ बाय ३०६ मिमी, चौकटीत जवळपास चपखल. १७ आणि १९ इंची चौकोनी मॉनिटर ५:४ असतात, त्यांना काळ्या कार्डशीटचा मास्क करावा लागतो. सोबत एचडीएमआय घेऊन पॅनेल चालवणारं व्ही५९ सारखं युनिव्हर्सल बोर्ड, त्याचं फर्मवेअर (आतलं सॉफ्टवेअर) पॅनेलच्याच रेझोल्यूशनचं. जोडण्याआधी बोर्डावरचा जम्पर (व्होल्टेज निवडायची छोटी टोपी) पॅनेलच्या डेटाशीटप्रमाणे ३.३, ५ की १२ व्होल्ट ते बघा. ३.३ च्या पॅनेलला १२ दिले की पॅनेल गेलंच. खर्च आटोपशीर, चित्र स्वच्छ, हाय व्होल्टेजची भीती नाही.

रास्टर
अजिबात सहमत नाही. ट्यूब काढली की उरतं ते टीव्हीच्या आकाराचं कपाट. चालू ट्यूब असेल तर कॅबिनेटला स्क्रूड्रायव्हरही न लावता काम होतं: ओटीटीची स्टिक, तिचं चित्र जुन्या एव्ही सिग्नलमध्ये बदलणारा एचडीएमआय टू एव्ही कन्व्हर्टर, तो सिग्नल टीव्ही चॅनलवर चढवणारा मॉड्युलेटर, केबल अँटेनाच्या स्क्रूंशी जुळवणारा ७५ ते ३०० ओहमचा बॅलन आणि मागचे दोन अँटेना स्क्रू. कन्व्हर्टरचा स्विच 'पाल'वर (आपल्याकडची ५० हर्ट्झची पद्धत) हवा. एनटीएससीवर (अमेरिकन पद्धत) राहिला तर ६० हर्ट्झमुळे चित्र उभं पळत राहतं.

बहुतेकांचं अडतं मॉड्युलेटरपाशी. आपल्याकडच्या चॅनल ४ चा चित्रवाहक (चित्राची वारंवारता) ६२.२५ मेगाहर्ट्झ, आवाज त्याच्या ५.५ वर, म्हणजे ६७.७५. ऑनलाइन मिळणारे '३/४ चॅनल'वाले स्वस्त डबे अनेकदा अमेरिकन मापाचे असतात: चित्र ६१.२५ ला, आवाज फक्त ४.५ वर. फाइन ट्यूनिंग फिरवून चित्र पकडता येतं, आवाजाच्या जागी नुसती खरखर. व्हीसीआरचा मॉड्युलेटर यूएचएफ असेल तर तोही बाद, कारण या संचांच्या खटक्याच्या ट्यूनरला फक्त व्हीएचएफ, २ ते १२.

त्यापेक्षा २०१२ नंतर केबलवाल्यांनी अडगळीत टाकलेला चॅनल ४ चा हेडएंड (केबलच्या कंट्रोल रूममधला) मॉड्युलेटर शोधा. तो अस्सल पाल-बी, म्हणजे आपल्या संचांच्या मापाचा असतो. फक्त त्याचं आउटपुट शेकडो घरांसाठीचं, ११० डेसिबल मायक्रोव्होल्टच्या आसपास. टीव्हीला ६५-७० पुरतात. मध्ये सिग्नल कमी करणारे २० डेसिबलचे दोन अॅटेन्युएटर घाला, नाहीतर चित्र उलटं काळं-पांढरं होईल आणि आवाजात गुणगुण येईल.

सोल्डरगन
एवढा द्राविडी प्राणायाम कशाला? संच उघडून व्हिडिओ डिटेक्टरनंतर (सिग्नलमधून चित्र वेगळं करणारा भाग) थेट एव्ही इनपुट काढा. आरएफचा (अँटेनामार्गाचा) धूसरपणा जातो, मॉड्युलेटरही वाचतो.

रास्टर
करू नका! ट्रान्सफॉर्मर नसलेल्या संचात चासी (आतला धातूचा सांगाडा) थेट मेन्सला (घरच्या विजेला) जोडलेली असते. तुमच्या एव्ही पिनची ग्राउंड म्हणजे तीच चासी. स्टिक, केबल, सगळं जिवंत होईल, हात लावला की झटका. अँटेनाच्या टोकांना कंपनीने मेन्स अडवणारे आयसोलेशन कपॅसिटर दिलेले असतात, म्हणून तो मार्ग सुरक्षित. एव्ही हवंच असेल तर आधी १०० व्हीएचा १:१ आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर (संच मेन्सपासून वेगळा करणारा).

सोल्डरगन
मान्य, हे मी लिहायला हवं होतं.

खटपट्या
आणि १६:९ चं काय? कन्व्हर्टर रुंद चित्र ४:३ मध्ये कोंबतो, सगळे लंबूटांगे दिसतात. वर-खाली काळ्या पट्ट्या दिल्या तर ५७६ पैकी ४३२ ओळी उरतात. एवढ्यासाठी ट्यूब सांभाळायची?

रास्टर
पट्ट्या देऊच नका. मागचा 'हाइट' (उंची) प्रीसेट कमी करून चित्र तीन-चतुर्थांश उंचीवर आणा आणि 'लिनिअॅरिटी' जुळवून ओळींमधलं अंतर सगळीकडे सारखं करून घ्या. सगळ्या ५७६ ओळी तेवढ्या जागेत बसतात, चित्र उलट दाट दिसतं. दूरदर्शनच्या जुन्या मालिका ४:३ आहेत, त्यांच्यासाठी मात्र उंची परत पूर्ण ठेवून प्लेअरने चित्र १६:९ ला ताणायचं. कन्व्हर्टर ते पुन्हा दाबतो आणि पडदा कडेपर्यंत भरतो. कोडी या प्लेअरमध्ये हे जमतं, ओटीटी अॅपमध्ये सहसा नाही.

स्टिक १०८० पी ५० हर्ट्झवर ठेवा. ६० वर असेल तर दर सहावी फ्रेम गळते आणि कॅमेरा सरकला की झटके दिसतात. रंगीत भागांवर बारीक ठिपके दिसले तर ती ४.४३ मेगाहर्ट्झची रंगलहर. प्लेअरमध्ये सॅच्युरेशन शून्य केलं की जाते.

जुनीवायर
दोघांनाही एक अडचण सारखीच. मेनू दिसतो आणि सिनेमा लावला की काळं होतं, ते एचडीसीपी या कॉपी-संरक्षणामुळे. काही स्वस्त कन्व्हर्टरमध्ये ते नसतं, आणि खटपट्या, २००५ च्या आसपासच्या डीव्हीआय मॉनिटरांच्या मूळ बोर्डातही बहुधा नसतं. विकत घेतानाच विचारा.

पण 'ट्यूब चालू असेल तर' यात रास्टरांनी सगळं झाकलं. वर्षानुवर्षं बंद असलेला संच थेट प्लगला लावू नये. १०० वॉटच्या बल्बमधून वीज पुढे देणारा सिरीज बोर्ड वापरा. बल्ब क्षणभर लख्ख होऊन मंदावला तर ठीक. तसाच पेटत राहिला तर फिल्टर कपॅसिटर किंवा रेक्टिफायर शॉर्ट. कपॅसिटर बदलूनही चित्र पाच-दहा मिनिटांनी उगवत असेल, पांढरा रंग चंदेरी दिसत असेल आणि ब्राइटनेस वाढवताच फोकस पसरत असेल, तर ट्यूबचं एमिशन (इलेक्ट्रॉन सोडायची ताकद) संपलंय. हीटरला जादा व्होल्टेज देऊन 'बूस्ट' केलेली ट्यूब काही महिने टिकली तरी नशीब. तिथे माझं मत खटपट्यांना.

खटपट्या
चला, एक तरी मत मिळालं.

जुनीवायर
अर्धंच. ट्यूब काढताना एनोडचं (हाय व्होल्टेजच्या वायरचं) टोपण उचलण्याआधी स्क्रूड्रायव्हरला क्लिपची वायर लावून ती ट्यूबच्या बाहेरच्या काळ्या लेपावरच्या तारेला जोडा, मग टोपणाखाली टोक सरकवा. पाच मिनिटांनी पुन्हा एकदा करा, चार्ज परत येतो. मानेला धरून ट्यूब उचलू नका. आणि चासी, योक (मानेवरची कॉइल), फ्लायबॅक (हाय व्होल्टेजचा ट्रान्सफॉर्मर) भंगारात घालू नका. चांगल्या ट्यूबचा पण जळक्या फ्लायबॅकचा संच घेऊन बसलेला कुणीतरी ते शोधत असतो.