रक्ताच्या मूळपेशींना पोसतं कोण: हाड की रक्तवाहिनीचं अस्तर?

मज्जारंग:
रक्त हाडांतल्या मज्जेत तयार होतं, एवढं शिकवून आपली पाठ्यपुस्तकं थांबतात. रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरपेशींवर हा अन्याय आहे. भ्रूणात रक्ताच्या मूळपेशी, म्हणजे ज्यांपासून सगळ्या रक्तपेशी बनतात त्या पेशी, या अस्तरातूनच जन्मतात! २०१० मध्ये झेब्राफिश या छोट्या माशाच्या पारदर्शक भ्रूणात हे प्रत्यक्ष घडताना पाहिलं गेलं. महाधमनीच्या तळाची अस्तरपेशी वाकते, शेजारच्या पेशींपासून सुटते आणि मूळपेशी होऊन बाहेर पडते. रन्क्स१ हे जनुक नसेल, तर हे घडतच नाही.

हाडाचा_माणूस:
जन्माचं मान्य. पण पुढे आयुष्यभर सांभाळतं कोण? २००३ मध्ये उंदरांत हाड बांधणाऱ्या पेशी वाढवल्या, तेव्हा मूळपेशीही वाढल्या. सीएक्ससीएल१२ हे मूळपेशींना मज्जेत धरून ठेवणारं रसायनही मुख्यतः वाहिन्यांबाहेरच्या आधारपेशी देतात. मला अस्तर म्हणजे ये-जा करायचं दार वाटतं.

मज्जारंग:
नुसतं दार? २००५ मध्ये मूळपेशी ओळखायच्या नव्या खुणा सापडल्या आणि बऱ्याच मूळपेशी मज्जेतल्या रुंद, पातळ भिंतींच्या वाहिन्यांना चिकटून दिसल्या. २०१२ चा प्रयोग तर मला निर्णायक वाटतो. मूळपेशी टिकायला लागणारं एससीएफ हे प्रथिन हाड बांधणाऱ्या पेशींतून काढलं, तर काही बिघडलं नाही. अस्तरपेशींतून काढलं, तर मूळपेशी घटल्या.

हाडाचा_माणूस:
त्याच प्रयोगात वाहिन्यांभोवतीच्या आधारपेशींतून एससीएफ काढल्यावरही मूळपेशी घटल्या, हेही सांगा. हाडाचा दावा मी सोडतो. पण सगळं श्रेय अस्तराला द्यायला मी तयार नाही.

वॉर्डातली_ताई:
मला उपचारांचं महत्त्वाचं वाटतं. केमो आणि रेडिएशन मज्जेतल्या वाहिन्याही उद्ध्वस्त करतात. २००९ मध्ये रेडिएशननंतर उंदरांत व्हीईजीएफआर२ हे वाहिन्यांना वाढीचा संदेश देणारं अस्तरपेशींवरचं प्रथिन रोखून वाहिन्यांची दुरुस्ती थांबवली, तर रक्तही नीट सावरलं नाही. काउंट, म्हणजे रक्तपेशींची संख्या, कधी वर येतील याची वाट बघत बसलेले रुग्ण मी रोज पाहते. मूळपेशींइतकंच अस्तराच्या दुरुस्तीवरही संशोधन व्हायला हवं.

हाडाचा_माणूस:
ताई, दुरुस्ती हवीच. पण अस्तर नेहमी जपतंच असं नाही. त्याच्यावरचं ई-सिलेक्टिन हे पेशींना चिकटवून धरणारं प्रथिन मूळपेशींना विभाजनाला लावतं, आणि विभाजनात गुंतलेली पेशी केमोला लवकर बळी पडते. ते नसलेल्या उंदरांत मूळपेशी शांत राहिल्या आणि केमोतून जास्त वाचल्या.

वॉर्डातली_ताई:
मग केमो चालू असताना ई-सिलेक्टिन रोखायचं आणि नंतर वाहिन्या सावरायला मदत करायची. दोन्ही वेळा लक्ष अस्तरावरच द्यावं लागेल ना?