मुलांच्या ‘आदिमानव’ खेळात मोठ्यांनी किती पडावं?

पाऊलखुणा:
फांद्या टेकवून झोपडी, चिखलाची भांडी, काठीचे भाले, एक मुखिया आणि बाकी टोळी. हा खेळ मुलं आपण होऊन मांडतात. मला वाटतं, त्यांना माती, गवत, काटक्या असं खरं सामान मिळू द्यावं आणि मोठ्यांनी मध्ये बोलू नये.

माझी मुलगी परवा वाळलेल्या गवताची दोरी वळत होती. एकाच दिशेने पीळ द्यायची, हात सोडला की सगळं उलगडायचं. वैतागून तिने दोन पदर घेतले, प्रत्येकाला उजवीकडे पीळ दिला आणि दोन्ही एकमेकांभोवती डावीकडे गुंडाळले. दोरी टिकली, कारण उलटे पीळ एकमेकांना सुटू देत नाहीत. फ्रान्समध्ये आब्री द्यू मारास इथे निअँडरथल या नामशेष झालेल्या मानवजातीच्या दोरीचा तुकडा सापडला, 2020 साली त्याची माहिती प्रसिद्ध झाली. सालीच्या धाग्यांची, तीन पदरी, 40 हजार वर्षांहून जुनी दोरी, आणि पिळाची युक्ती हीच. मी आधीच दाखवलं असतं तर तिच्या हातात फक्त दोरी उरली असती.

पारंबी:
दोरीपर्यंत ठीक आहे. पण टोळी म्हटली की हत्यार आलं, आणि हत्यार म्हटलं की मुलं दगडावर दगड आपटणार. गारगोटीची कपची काचेसारखी धारदार निघते आणि कुठे उडेल याचा नेम नसतो. डोळा एकदा गेला की गेला. मग काडीवर काडी घासून विस्तव करायची हौस. आणि दोरीसाठी साल? खोडाभोवती पूर्ण गोलाकार साल सोलली तर पानांत तयार झालेलं अन्न मुळांपर्यंत पोचत नाही, झाड उभ्या उभ्या वाळतं. हे मुलांना कोण सांगणार? मध्ये बोलू नये, हे मला अजिबात पटत नाही.

पाऊलखुणा:
दगड फोडायचे नाहीत, जित्या झाडाला हात लावायचा नाही, विस्तव मोठ्यांशिवाय नाही. एवढं खेळाआधी ठणकावून सांगा की! नियम घालणं निराळं आणि खेळ चालवणं निराळं. 1943 साली कोपनहेगनजवळ एम्ड्रुपला मुलांसाठी भंगार सामानाचं मैदान उघडलं. लाकडं, विटा, अवजारं मुलांच्या हाती. देखरेखीला एक मोठा माणूस होता, पण काय बांधायचं हे मुलंच ठरवत.

सांजवात:
माझा आक्षेप वेगळा आहे आणि तो इजेपेक्षा गंभीर वाटतो. खेळात दोरी कमी आणि तोंडाला पट्टे, डोक्यात पिसं, ‘हू हू’ करत नाचणं जास्त असतं. हे मुलांना कुठून मिळतं? कार्टूनमधून. जंगलाच्या आधाराने जगणारे समाज आजही आहेत, त्यांची मुलं शाळेत जातात, फोन वापरतात. आपल्या मुलांच्या डोक्यात मात्र ते आणि हजारो वर्षांपूर्वीची माणसं एकाच चित्रात बसतात. वर्गातलं त्या समाजाचं एखादं मूल हा नाच बघत असेल तर त्याला काय वाटेल? इथे गप्प बसणं म्हणजे त्या चित्राला होकार देणं.

मातीकाम:
सांजवात, मुद्दा रास्त आहे, पण खेळ बंद करून तो सुटत नाही. नाच नुसत्या रिकाम्या हातांना सुचतो. मातीचा गोळा हातात आला की मुलं वेगळ्याच प्रश्नांत शिरतात: भांडं वाळताना का तडकलं, वाळू मिसळली तर काय होईल. आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या मोरावियात 1925 साली सापडलेल्या भाजक्या मातीच्या स्त्रीमूर्तीवर लहान मुलाच्या बोटाचा ठसा आहे. 25 हजार वर्षांहून जुनी मूर्ती! तो ठसा दाखवा. ज्याने ती ओली माती धरली ते आपल्यासारखंच मूल होतं, हे लगेच कळतं.

हल्ली मिळणारी आयती शिबिरं मात्र मला नकोशी वाटतात. कापून ठेवलेल्या काड्या, आखलेला वेळ, शेवटी सगळ्यांची भांडी सारखीच.

सांजवात:
ठसा दाखवायचा म्हणजे कुणीतरी मोठ्याने शेजारी बसून बोलायला हवं. मी तेच म्हणतेय. पट्टे आणि पिसं दिसली की मी खेळ थांबवून बोलणार, मुलं रुसली तरी.

पाऊलखुणा:
बोला, जरूर बोला. फक्त संध्याकाळी, खेळ मोडल्यावर. झोपडी अर्धी उभी असताना नको.