उत्तर: सहलीचं पत्रक – न्यू सेलम ओस का पडलं?

मंडळी,

पत्रकात लिहिलंय की 1839 साली मेनार्ड काउंटी (अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यातला एक जिल्हा) झाली, तिची कचेरी शेजारच्या पीटर्सबर्गला गेली आणि न्यू सेलम, म्हणजे अब्राहम लिंकन तरुणपणी राहायचे ते खेडं, उठलं. छापण्याआधी क्रम दुरुस्त करा. न्यू सेलम त्याआधीच खिळखिळं झालं होतं.

1829 साली रटलेज आणि कॅमरन यांनी सँगमन नदीवर बांध घालून गिरणी काढली आणि वरच्या टेकडीवर गाव आखलं. सगळी भिस्त नदीतून बोटी येण्यावर. 1832 च्या मार्चमध्ये ‘टॅलिझमन’ ही आगबोट स्प्रिंगफील्डजवळ पोचलीही; पण पाणी उतरलं आणि परतताना तिला वाट द्यायला न्यू सेलमच्या बांधाचा तुकडा काढावा लागला. ज्या बांधावर गाव जगायचं, तोच बोटीला आडवा! 1836 मध्ये टपाल कचेरीही दोन मैलांवरच्या पीटर्सबर्गला गेली. काउंटी त्यानंतर तीन वर्षांनी.

– पिओरियाहून

काका,

क्रम मान्य. पण काउंटीचं ठिकाण म्हणजे नुसती पाटी नव्हे. खरेदीखत नोंदवायला, करासाठी, खटल्यासाठी लोकांना तिथेच यावं लागतं. त्यामागून वकील, खाणावळी, दुकानं येतात. 1840 पर्यंत न्यू सेलम जवळजवळ रिकामं झालं, ते उगाच नाही.

पत्रकात मोजणीवर दोन ओळी हव्यातच. 1836 साली पीटर्सबर्गची आखणी लिंकननी केली. ते तेव्हा सँगमन काउंटीचे उपमोजणीदार होते. जमीन मोजायची साखळी तेव्हा किती लांब असायची?

– ब्लूमिंग्टनहून

ताई,

तेव्हा मोजणीदार वापरायचे ती गंटरची साखळी 66 फुटांची: 100 कड्या, एकेक 7.92 इंच. 80 साखळ्यांचा मैल, 10 चौरस साखळ्यांचा एकर. आपल्याकडची सोळा आण्यांची साखळी याच्या बरोबर निम्मी, 33 फूट; 33 गुणिले 33 म्हणजे आपला गुंठा. एकराचे 40 गुंठे भरतात ते त्यामुळेच.

चुका दोन्ही बाजूंनी होतात. वापरून जोडकड्या झिजल्या की साखळी लांबते. 3 इंच वाढली, तर 10 साखळ्यांत अडीच फूट जास्त जमीन आखली जाते. कागदावरचा प्लॉट लहान, जमिनीवरचा मोठा. चढावर उलट. दहा फुटांना एक फूट चढ असताना साखळी जमिनीसरशी टाकली, तर 66 फुटांत सुमारे 4 इंच कमी पडतात. म्हणून ती आडवी ताणून धरायची, खालच्या टोकाला ओळंबा सोडायचा. चढ फार असेल तर तुकड्यातुकड्यांत मोजायचं. पीटर्सबर्ग नदी आणि टेकड्यांच्या मधे आहे, तिथे हे टळत नाही. शिवाय होकायंत्राची सुई वर्षागणिक सरकते. जुन्या खतातली दिशा आजच्या होकायंत्रावर जशीच्या तशी धरली की शेजाऱ्यांची भांडणं सुरू.

पत्रकात आणखी एक घाला. पिंपं करणारे हेन्री ऑन्स्टॉट यांची कार्यशाळा न्यू सेलमहून उचलून पीटर्सबर्गला नेली होती. 1922 साली ती परत आणून मूळ पायावर बसवली. न्यू सेलमच्या जागी आता पार्क आहे, त्यातली बाकीची घरं पुन्हा बांधलेली; अस्सल जुनी ती एकच. दहा मिनिटं तिथे राखून ठेवा.

– पिओरियाहून