मदत हवी आहे : आईला आमवात होताच, आता गुडघ्याची झीजही निघाली. आधीची गोळी बंद करू का?

पाऊसवेडी :
आईला आमवात आहे, गोळ्या चालू आहेत, सगळं नीट चाललं होतं. आता गुडघे इतके दुखतात की जिना उतरताना कठडा धरून आडवी होऊन एकेक पायरी उतरते. हाडांचे डॉक्टर एक्सरे बघून म्हणाले ही झीज आहे, हा वेगळा आजार. मग इतके दिवस गोळ्या खाऊन काय मिळालं?? ती म्हणते आमवाताची आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी बंदच करते, केसही गळतात. आमवाताच्या डॉक्टरांची अपॉइंटमेंट लांब आहे. प्लीज लवकर सांगा.

सांगलीकर_अण्णा :
वय? गोळी कुठली? आमवाताचं निदान कोणी केलं, रक्ताचे रिपोर्ट आहेत का?

पाऊसवेडी :
वय ६१. गोळ्या नेहमीच्याच, आमवाताच्या.

मिरची_ठेचा :
निर्गुंडीचं तेल कोमट करून लावा, वांगं बटाटा बंद. माझ्या सासूबाई महिन्यात मांडी घालून बसायला लागल्या.

फिरस्ता :
वांग्याने गुडघे झिजत नाहीत हो. तेलाने शेकून बरं वाटतं तेवढंच.

मिरची_ठेचा :
अनुभव सांगितला, पटत नसेल तर सोडा.

शुभामावशी :
अगं थांब, परस्पर बंद करू नका. मला दोन्ही आहेत. आठवड्याची म्हणजे मेथोट्रेक्सेट ना? आमवातात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांवर उलटते, ही गोळी तिला आवर घालते, झिजलेली कूर्चा (सांध्यातली हाडांवरची गादी) भरून आणत नाही. म्हणून गुडघे दुखले म्हणजे गोळी फेल गेली असं नाही. आईला विचार, सकाळी मनगटं आणि बोटांची मुळं आखडतात का, तासभर मूठ वळत नाही का? तो आमवात. झिजेचं उलट असतं, बसून उठलं की थोडा वेळ आखडतं, चार पावलं चाललं की सुटतं, पण दिवसभर उभं राहिलं की संध्याकाळी ठणकतं. गोळी सोडली तर आमवात परत उसळून गुडघ्यातही सूज आणू शकतो. केसांचं डॉक्टरांना सांग, फॉलिक ॲसिड देतायत का बघ.

कट्टेकर :
युरिक ॲसिड तपासा आधी. माझ्या अंगठ्याला...

फिरस्ता :
युरिक ॲसिडच्या त्या आजारात, म्हणजे गाऊटमध्ये, सांधा एका रात्रीत लालबुंद होतो, इथे तसं कुठे लिहिलंय?

पाऊसवेडी :
हो मावशी, मेथोट्रेक्सेटच. दुखलं की मेडिकलमधून पेनकिलर आणून घेते, हल्ली रोजच. बीपीची गोळी पण आहे. ते चालतं ना?

शुभामावशी :
हे आधी सांगायचंस गं! रोजच्या पेनकिलरने बीपी वाढतं, किडनीवर ताण येतो, आणि किडनी मंदावली की मेथोट्रेक्सेट अंगात साठतं. अपॉइंटमेंटची वाट बघू नकोस, आजच फोन करून विचार. क्रिएटिनिन (किडनीसाठी), सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), लिव्हरच्या तपासण्या शेवटच्या कधी झाल्या तेही काढून ठेव.

सांगलीकर_अण्णा :
ऑपरेशनच करून टाका. २०१७ ला सरकारने इम्प्लांटच्या किमतीवर मर्यादा आणली, पूर्वीइतकं महाग नाही.

शुभामावशी :
अण्णा, ऑपरेशनचं विचारलंय कोणी? आधी मांडीचे स्नायू बळकट करा, फिजिओकडून शिकून घ्या. वजन जास्त असेल तर थोडं जरी उतरलं तरी गुडघ्याला कळतं. जमिनीवर बसणं बंद, भारतीय संडास असेल तर वर स्टूल ठेवा.

मिरची_ठेचा :
नाशिकला चांगला फिजिओ कोणी सांगेल का?

पाऊसवेडी :
मूठ सकाळीही नीट वळते म्हणाली. दवाखान्यात फोन लावतेय. मावशी, ते स्टूल लोखंडी घेतलंत की प्लॅस्टिकचं? आमची मोरी फार निसरडी आहे.