‘सायटेशन इम्पॅक्ट’ला मराठीत काय लिहावे?

टाचण
एका मराठी विज्ञान मासिकासाठी लेख लिहिते आहे. विषय आहे ‘ब्लड’ हे रक्तविकारांवरचे नियतकालिक. विल्यम डॅमेशेक यांनी ते 1946 मध्ये अमेरिकेत सुरू केले. आज ते अमेरिकन सोसायटी ऑफ हिमॅटॉलॉजीचे मुखपत्र आहे. त्यात काळानुसार कशाकशावर संशोधन छापले गेले आणि पुढच्या संशोधकांनी त्यातले काय उचलले, असा लेखाचा आवाका. ‘रिसर्च ट्रेंड्स’ला ‘संशोधनाचा कल’ लिहिले, त्यावर कोणाची तक्रार नाही. अडले आहे ते ‘सायटेशन इम्पॅक्ट’पाशी, म्हणजे एखाद्या लेखाचा आधार पुढच्या लेखांनी किती घेतला (एकेक आधार म्हणजे एक ‘सायटेशन’) याच्या मोजमापापाशी. मी ‘उद्धरण-प्रभाव’ लिहिले होते, संपादकांनी खोडून ‘संदर्भमूल्य’ केले. मला ते पटत नाही. संदर्भमूल्य म्हटले की मला ग्रंथालयातला जाडजूड कोश दिसतो, जो घरी न्यायला देत नाहीत. माझे वाक्य असे आहे: ‘सर्वाधिक सायटेशन मिळालेल्या लेखांत नव्या शोधांपेक्षा वर्गीकरणाचे लेख पुढे दिसतात.’ तुम्ही हे कसे लिहाल? शुक्रवारी मजकूर द्यायचा आहे.

शाईदौत
उद्धरण नकोच. उद् अधिक हृ, म्हणजे वर उचलणे. ‘उद्धार’ही तिथूनच आला. उद्धरण म्हणजे दुसऱ्याचे शब्द जसेच्या तसे उचलून आपल्या मजकुरात ठेवणे. वैद्यकातल्या लेखात असे शब्द कोणी उचलत नाही. वाक्य स्वतःचे लिहितात आणि शेवटी बारीक आकडा टाकतात. अवतरणचिन्हच नाही तर उद्धरण कुठले? सरळ ‘उल्लेख’ लिहा. ‘उल्लेखसंख्या’ म्हटले की शाळकरी मुलालाही कळेल.

ग्रंथपाल_सांगली
उल्लेख फार सैल शब्द आहे. भाषणात ओघाने नाव घेतले तरी तो उल्लेखच. खरी अडचण दिशेची आहे, आणि ती इंग्रजीत फार आधी सोडवली गेली. विज्ञानाचे इतिहासकार डेरेक डी सोला प्राइस यांनी 1970 मध्ये रेफरन्स आणि सायटेशन या दोन शब्दांची वाटणी करून ठेवली. क्ष या लेखाने य या लेखाचा आधार घेतला, तर क्षमध्ये रेफरन्स आहे आणि यला सायटेशन मिळाले. एकच रेघ, पण एका टोकाने दिलेली आणि दुसऱ्या टोकाला मिळालेली. आपला ‘संदर्भ’ ही दोन्ही टोके एकाच शब्दात धरतो. ‘या लेखाचे 400 संदर्भ आहेत’ असे लिहिले तर ते त्याने दिले की त्याला मिळाले? वाचकाला कळायला मार्ग नाही. संपादकांचा शब्द चुकीचा नाही, पण त्यात दिशा हरवते. निदान ‘मिळालेले संदर्भ’ तरी लिहा.

बाकी आमच्या मेडिकल कॉलेजच्या ग्रंथालयात काउंटरवर येणारा एकही डॉक्टर यातले काही बोलत नाही. ‘मॅडम, याचा आयएफ किती? इंडेक्स्ड आहे का?’ हे दोन प्रश्न, तेही बढतीचा अर्ज भरायची वेळ आली की. आयएफ म्हणजे इम्पॅक्ट फॅक्टर, नियतकालिकाच्या लेखांना सरासरी किती सायटेशन मिळतात तो आकडा; इंडेक्स्ड म्हणजे ते मान्य सूचीत आहे का.

वकील_कोल्हापूर
ही कल्पनाच मुळात कायद्याची आहे, तेव्हा शब्दही कोर्टातून घ्यावा. फ्रँक शेपर्ड यांनी 1873 पासून अमेरिकेत एक सूची चालवली: कोणत्या निवाड्याचा आधार पुढे कोणत्या निवाड्यांनी घेतला, तो कायम झाला की फिरवला गेला. माहितीशास्त्रज्ञ युजीन गारफील्ड यांनी 1955 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात विज्ञानासाठी अशीच सूची सुचवली, तेव्हा नमुना म्हणून शेपर्डकडेच बोट दाखवले. आम्ही बार रूममध्ये ‘सायटेशन लावलंय का?’ असे विचारतो हे खरे, पण युक्तिवादाच्या मराठीत ‘अमुक निवाड्याचा दाखला’ असेच येते. दाखला द्यायचा असतो आणि दाखला मिळायचाही असतो. ग्रंथपालताईंना हवी ती दिशा या शब्दाच्या क्रियापदातच आहे.

आणखी एक. आमच्या सूचीत निवाडा फिरवला गेला असेल तर तशी खूण असते. विज्ञानातल्या मोजणीत ती नसते. खोडून काढायला दिलेला दाखलाही एक आणि डोक्यावर घेऊन दिलेलाही एकच. मग त्या बेरजेला ‘प्रभाव’ कोणत्या तोंडाने म्हणायचे?

राजव्यवहार
दाखला अरबी आहे. दाखल, दाखला, दाखलपात्र, सगळे एकाच घरचे. विज्ञानाची नवी परिभाषा घडवताना पुन्हा दफ्तरी भाषेकडे जायचे कारण काय? संस्कृतातून शब्द घेतला की त्याला प्रत्यय लागतात, कुटुंब वाढते. ‘उद्धृत’, ‘उद्धर्ता’, ‘उद्धरणांक’. दाखल्याचे काय करणार? ‘दाखलांक’? इम्पॅक्ट फॅक्टरला ‘प्रभावांक’ हा शब्द मी गेली कित्येक वर्षे वापरतो आहे. कुठे ‘आघातांक’ही वाचला. तो मात्र वैद्यकात अजिबात चालणार नाही. तिथे आघात म्हणजे इजा किंवा झटका.

वकील_कोल्हापूर
राजव्यवहारजी, ‘वकील’ही अरबी आहे. पिढ्यान् पिढ्या शेतकऱ्याच्या तोंडी असलेला शब्द परका कसा? उद्धरणांक ऐकून माझा अशील माझ्याकडे बघत राहील, दाखला ऐकून मान डोलवेल. परिभाषा कोणासाठी घडवायची, हे आधी ठरवा.

पांढरीपेशी
मी पॅथॉलॉजिस्ट आहे, व्युत्पत्ती तुमच्यावर सोडते. टाचणताईंच्या वाक्यात आशय काय आहे तेवढे सांगते, शब्द त्यावरून ठरवा.

रक्ताच्या कर्करोगांचे वर्गीकरण करणारा लेख आला की पुढची काही वर्षे रुग्णांवरच्या जवळजवळ प्रत्येक अभ्यासाला त्याचा आधार द्यावाच लागतो. ‘आम्ही निदान या निकषांनी केले’ हे वाक्य पद्धतीच्या भागात येते आणि तिथेच तो आकडा बसतो. 1976 मधले फ्रेंच-अमेरिकन-ब्रिटिश गटाचे तीव्र ल्युकेमियाचे वर्गीकरण ‘ब्रिटिश जर्नल ऑफ हिमॅटॉलॉजी’त आले होते, एम-वन, एम-टू, एम-थ्री ही उपप्रकारांची नावे त्यातलीच. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणाची 2016 ची सुधारित आवृत्ती ‘ब्लड’मध्ये आली. 2022 मध्ये तर वाटा फुटल्या: संघटनेची पाचवी आवृत्ती ‘ल्युकेमिया’ या नियतकालिकात, आणि दुसऱ्या तज्ज्ञगटाचे समांतर वर्गीकरण ‘ब्लड’मध्ये. आता अनेक लेखक दोन्हींचा आधार देतात.

याच्या उलट शोधांची गोष्ट पाहा. जेएके-टू या जनुकातला बदल 2005 मध्ये चार गटांनी चार ठिकाणी छापला: ‘लॅन्सेट’, ‘नेचर’, ‘न्यू इंग्लंड जर्नल’ आणि ‘कॅन्सर सेल’. चारांत ‘ब्लड’ नाही. पण त्यामागचा विचार ‘ब्लड’मधलाच! खुद्द डॅमेशेक यांनी 1951 मध्ये काही पानांचे एक टिपण लिहिले होते. त्यात तांबड्या पेशी वाढण्याचा विकार, प्लेटलेट वाढण्याचा विकार, अस्थिमज्जेत तंतू वाढण्याचा विकार हे एकमेकांचे सख्खे असावेत असा नुसता तर्क केला होता. हाती पुरावा जवळजवळ काहीच नव्हता. 54 वर्षांनी तिन्हींत तोच जनुकबदल निघाला. इम्पॅक्ट फॅक्टरचा हिशोब असा: एखाद्या वर्षी, मागच्या 2 वर्षांत छापलेल्या लेखांना किती सायटेशन मिळाली, भागिले त्या 2 वर्षांतले लेख. त्या खिडकीतून 54 वर्षांनी खरा ठरलेला तर्क कधीच दिसणार नाही.

म्हणून माझे म्हणणे, ‘प्रभाव’ हा शब्दच इथे खोटा आहे. मोजला जातो तो वापर. ‘उपयोगमान’ म्हणा हवे तर.

शाईदौत
डॉक्टर, आशय पटला, पण लेखिकेला मूळ संज्ञेचा मराठी शब्द हवा आहे. मूळ संज्ञेत इम्पॅक्ट आहे. संज्ञा चुकीची वाटते म्हणून अनुवादात ती दुरुस्त करायची का? मग तो अनुवाद राहत नाही, टीका होते.

पांढरीपेशी
त्या अनुवाद करत नाहीत, लेख लिहीत आहेत. मराठी वाचकाला पहिल्यांदाच ही गोष्ट सांगताना चुकीचे नाव आयात करायचे आणि मग पुढची पन्नास वर्षे ते निस्तरत बसायचे, याला माझा विरोध आहे. नावामुळे लोक निर्णय घेतात. उमेदवाराची निवड करताना लेख न वाचता आकडा पाहतात. 2012 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला जमलेल्या संपादकांनी त्याविरुद्ध जाहीरनामा काढला तो उगाच नाही.

गोदाकाठ
मी डॉक्टर नाही, शिक्षिका आहे. पण नावाने काय होते त्याचा अनुभव सांगते. माझ्या भावाला प्लेटलेट कमी होण्याचा आजार होता. जुन्या फायलीत आयटीपी, आणि खाली ‘इडिओपॅथिक’ असे लिहिलेले. काही वर्षांनी दुसऱ्या डॉक्टरांनी ‘इम्यून’ लिहिले. आई घाबरली, म्हणाली की आजार बदलला, आता प्रतिकारशक्तीवरही गेला. त्या रात्री घरात कोणी जेवले नाही. आजार तोच होता, औषधे तीच होती. नाव का बदलले, हे कोणीच सांगितले नव्हते.

पांढरीपेशी
गोदाकाठताई, तुमच्या घरापर्यंत जे पोचले तेही ‘ब्लड’मधलेच. 2009 मध्ये एका आंतरराष्ट्रीय गटाने तिथे याच आजाराच्या परिभाषेवर लेख लिहिला. ‘इडिओपॅथिक’ म्हणजे कारण अज्ञात. पण प्रतिकारयंत्रणाच प्लेटलेट नष्ट करते हे कळले होते, म्हणून तो शब्द काढला. ‘पर्प्युरा’ म्हणजे अंगावरचे जांभळे डाग. ते सगळ्यांना येत नाहीत, म्हणून तोही काढला. डॉक्टरांच्या सवयीची आयटीपी ही अक्षरे मात्र तशीच ठेवली. निदानासाठी प्लेटलेटची मर्यादा 1 लाखाच्या खाली अशी ठरवली. या विषयातल्या सर्वात जास्त आधार घेतल्या गेलेल्या लेखांपैकी तो एक आहे. निव्वळ शब्दचर्चेचा लेख!

टाचणताई, हे तुमच्या लेखात घ्याच.

टाचण
घेते. हे मला माहीत नव्हते, आणि माझ्या वाक्याला याहून चांगले उदाहरण मिळणार नाही. गोदाकाठताई, भाऊ आता बरे आहेत ना?

गोदाकाठ
हो, बरा आहे. औषधही बंद झाले.

नागपूरकर
दाखले मोजण्याबद्दल एक सांगायचे राहते. जे फारच रुजते त्याचा आधार द्यायचे लोक बंद करतात. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी हे मांडून ठेवले आहे. बॉम्बे ब्लड ग्रुप या दुर्मीळ रक्तगटाचेच घ्या. डॉ. भेंडे, देशपांडे, भाटिया आणि त्यांच्या ब्रिटिश सहकाऱ्यांनी 1952 मध्ये ‘लॅन्सेट’ला तो कळवला. मुंबईत सापडलेल्या अवघ्या 3 माणसांवरून! आज कोणीही ‘बॉम्बे’ एवढे लिहितो आणि पुढे जातो. मूळ लेखाचा आकडा टाकायची गरज कोणाला वाटत नाही. नाव झाले की दाखला थांबतो. मोजणाऱ्याच्या वहीत मग ही माणसे येतातच कुठे?

राजव्यवहार
मुद्दा उत्तम. पण मग ‘मुंबई रक्तगट’ का लिहीत नाही? 1995 मध्ये शहराचे नाव अधिकृतपणे मुंबई झाले. शोध लावणारे इथले, ज्यांच्या रक्तात तो सापडला तेही इथले, आणि मराठी वृत्तपत्रे अजून ‘बॉम्बे ब्लड ग्रुप’ छापतात. आपल्या शहराचे नाव परक्या उच्चारात कशाला टिकवायचे?

रक्तपेढी_तंत्रज्ञ
दादा, इथे कृपा करून हात लावू नका. या गटाचे रक्त साध्या तपासणीत ओ दिसते. त्या माणसाला ओ दिले तर जिवावर बेतते, कारण त्याच्या शरीरात एच या प्रतिजनाविरुद्धची (तांबड्या पेशींवरच्या एका घटकाविरुद्धची) प्रतिद्रव्ये असतात आणि ओ पेशींवर एच भरपूर असते. आम्ही रिव्हर्स ग्रुपिंगमध्ये, म्हणजे त्या माणसाच्या रक्तद्रवाच्या तपासणीत, ओ पेशी घालून पाहतो, त्यांच्या गुठळ्या झाल्या की लक्षात येते. भारतात साधारण 10,000 मध्ये एक असा माणूस सापडतो, म्हणून रक्त हवे असले की निरोप राज्यभर फिरतो. त्या निरोपात ‘मुंबई रक्तगट पाहिजे’ असे लिहिले तर निम्मे लोक समजतील की मुंबईतला कोणताही दाता चालेल.

राजव्यवहार
निरोपात आणि मागणीपत्रावर ‘बॉम्बे’ ठेवा, माझी हरकत नाही. मी लेखनाबद्दल बोलतो आहे.

नागपूरकर
लेखनातले आणि मागणीपत्रावरचे नाव वेगळे झाले की गोदाकाठताईंच्या आईसारखे होते. इकडे विदर्भात तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात त्या आनुवंशिक आजाराला ‘सिकलसेल’ हाच शब्द गावागावात गेला आहे. ‘दात्रपेशी’ पुस्तकात आहे, पण आशाताई घरी येऊन सांगतात ते ‘सिकलसेलचे वाहक’ आणि ‘सिकलसेलग्रस्त’. अर्धा शब्द इंग्रजी, अर्धा संस्कृत, आणि कोणालाच अडचण नाही.

टाचण
काल ‘मिळालेले दाखले’ असे लिहून पाठवले, पहिल्या वेळी कंसाऐवजी एका वाक्यात अर्थही दिला. संपादकांचा फोन आला: दाखला म्हटले की वाचकाला शाळा सोडल्याचा दाखला आठवेल. आता त्यांनी ‘आधारसंख्या’ सुचवले आहे.

ग्रंथपाल_सांगली
आधारसंख्या नको! आधार क्रमांक वाटेल. आणि दिशा पुन्हा गेली.

वकील_कोल्हापूर
शाळेचा दाखला आणि निवाड्याचा दाखला यांत आजवर कोणाचा घोटाळा झालेला मी पाहिला नाही. वाक्यच सांगते कोणता ते. संपादकांना माझा निरोप द्या.

राजव्यवहार
तंत्रज्ञ, एक विचारायचे होते. ‘पॅरा-बॉम्बे’ म्हणून जो उपप्रकार म्हणतात, त्याला मराठीत काय लिहिता?

रक्तपेढी_तंत्रज्ञ
पॅरा-बॉम्बेच. त्यात तांबड्या पेशींवर एच नसते किंवा अगदी थोडे असते, पण लाळेत सापडू शकते. म्हणून लाळेची वेगळी तपासणी करतो.

राजव्यवहार
‘बॉम्बेसम’ कसे वाटते?

शाईदौत
सम म्हणजे सारखा. हा सारखा दिसला तरी वेगळा आहे, असे तंत्रज्ञ आत्ताच म्हणाले. ‘उपबॉम्बे’ बरे.

रक्तपेढी_तंत्रज्ञ
उप म्हणजे दुय्यम वाटते. देताना दोघांनाही तितकेच जपावे लागते.