मदत हवी आहे: क्वायरमध्ये आल्टो धरून ठेवता येत नाही

नमस्कार मंडळी. कोल्हापुरातल्या एका चर्चच्या क्वायरमध्ये मी गाते. ना. वा. टिळकांची अभंगाच्या वळणाची भजनं पेटी-तबल्यावर असली की काही अडत नाही. सगळ्यांचा सूर एकच, डोळे मिटून गाता येतं. पण नाताळची तयारी लागली की सोप्रानो (बायकांचा वरचा आवाज), आल्टो (बायकांचा खालचा, म्हणजे माझा), टेनर आणि बास (पुरुषांचे वरचा-खालचा) अशा चार भागांतली गाणी येतात आणि शेजारची सोप्रानो जरा जोरात लागली की मी गेलेच तिच्या मागनं!

स्टाफ नोटेशन (पाच रेघांवरची पाश्चात्त्य स्वरलिपी) वाचता येत नाही, सरगम येते. टॉनिक सोल्फातला (डो-रे-मी अशा अक्षरांनी सूर लिहायची पद्धत) 'डो' आपल्या 'सा'सारखाच पट्टीप्रमाणे हलतो, मग आल्टोची ओळ सरगमीत लिहून पाठ केली तर जमेल का? कुणी केलंय का असं?

दुसरं जरा अवघड आहे. मात्रा मोजण्यात सगळं लक्ष जातं, प्रार्थना राहते बाजूला. तरी तालीम संपवून घरी येते तेव्हा ऑफिसचा ताप उतरलेला असतो, आणि भाजी चिरताना तीच ओळ तोंडात. भजनी मंडळात गाणाऱ्यांनीही सांगा, सूर सांभाळत मन देवाकडं कसं ठेवता?

शाहूपुरी-लक्ष्मीपुरीच्या आसपास संध्याकाळी सातनंतर कुणी शिकवत असेल तर कळवा. ऑनलाइन नको, आवाज मागनं येतो, एकत्र गाताच येत नाही. फी देईन.