१९८७ सालच्या बिल्डिंगमधला फ्लॅट घेतोय, छताला ओल दिसली, साठेखताआधी काय काय करून घेऊ?

नवखा_कोथरूड

नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच घर घेतोय त्यामुळे प्रश्न जरा लांबलाय, सांभाळून घ्या.

कोथरूडला एका जुन्या सोसायटीत टू बीएचके ठरवलाय. बिल्डिंग १९८७ ची, खाली पार्किंग आणि वर तीन मजले, लिफ्ट नाही, आपला फ्लॅट तिसऱ्यावर म्हणजे डोक्यावर थेट गच्ची. सौदा ८२ लाखांना ठरला, १ लाख विसार दिलाय (चेकने, पण पावती साध्या कागदावर), लोन मंजूर आहे आणि तीन आठवड्यांनी साठेखत (विक्रीचा करार) करायचंय. घर खूप आवडलंय, बायकोची शाळा चालत दहा मिनिटांवर आहे आणि मागच्या खिडकीला लागून आंब्याचं मोठं झाड आहे.

तर झालं असं की गेल्या रविवारी सुताराला मापं घ्यायला घेऊन गेलो. अख्खा फ्लॅट जुन्या रंगात आणि फक्त मागच्या बेडरूमचं सीलिंग नवंकोरं पांढरं. मला त्यात काहीच वाटलं नव्हतं, पण सुतार स्टुलावर चढला, बोटाने दाबलं आणि रंगाचा पापुद्रा तळहाताएवढा निघून आला, खाली चहा सांडल्यासारखा डाग. शिवाय भिंतीला समांतर एक सरळ भेग आहे, दोनेक फुटांची. मालक काका म्हणाले मागच्या पावसात थोडं झिरपलं होतं, आता बंद आहे. काका सज्जन आहेत, मुलाकडे बंगलोरला चाललेत, मुद्दाम फसवतील असं वाटत नाही, पण तेव्हापासून मला झोप नाहीये.

बँकेचा व्हॅल्युअर येऊन गेला, त्याने काहीच काढलं नाही. मग हे तपासायचं कोणाकडून? दुरुस्ती काकांकडून करून घ्यायची की किंमत कमी करून मागायची? आणि गच्चीचं काय, ते कोणी करायचं?

सळई_आणि_सिमेंट

मी सिव्हिल इंजिनिअर, जुन्या बिल्डिंगच्या रिपेअरचंच काम करतो. आधी एक गैरसमज काढून टाका, बँकेचा व्हॅल्युअर बँकेसाठी येतो, उद्या तुम्ही हप्ते थकवले तर जागेचे किती येतील आणि बिल्डिंग लोनच्या मुदतीएवढी उभी राहील का एवढंच तो बघतो, दहा मिनिटांत फोटो काढून जातो. छत ठोकून बघणं त्याच्या कामात नाही.

डागापेक्षा मला त्या सरळ भेगेची काळजी वाटते. डाग नुसता पाण्याचा असू शकतो, पण वेडीवाकडी नसलेली, रूळ ठेवून ओढल्यासारखी भेग बहुतेक वेळा आतल्या सळईच्या रेषेत असते. पाणी आणि हवा आत गेली की सळई गंजते, गंजाला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते, तो आतून दाब देतो आणि खालचं काँक्रीट सुटतं. वरून रंग मारला की चार महिने छान दिसतं, आत काम चालूच असतं.

करायचं काय, तर एक स्ट्रक्चरल इंजिनिअर स्वतःच्या पैशाने न्या, एजंटने सुचवलेला नको. तो लहान हातोडीने सगळी सीलिंग आणि बीम ठोकत जाईल, चांगला स्लॅब टणटण वाजतो आणि सुटलेला भाग बदबद, मडक्यासारखा. तो आवाज तुम्हालाही कळतो, त्याच्यासोबत उभे राहा. भेगेजवळ थोडं फोडायला काकांची परवानगी घ्या आणि ताज्या फोडलेल्या जागी फिनॉल्फ्थॅलीनचा फवारा मारायला सांगा. काँक्रीट गुलाबी झालं तर त्यातला अल्कलीपणा शाबूत आहे, सळईला संरक्षण आहे. रंग आलाच नाही तर ते संरक्षण गेलंय. पाच मिनिटांची टेस्ट आहे. काँक्रीट न फोडता तपासणाऱ्या रिबाउंड हॅमर आणि अल्ट्रासोनिक वगैरे टेस्ट पूर्ण बिल्डिंगच्या ऑडिटमध्ये होतात, एका फ्लॅटसाठी लगेच गरज नाही.

अजून दोन गोष्टी. एक, बिल्डिंग फ्रेम स्ट्रक्चर (भार काँक्रीटच्या बीम-कॉलमवर) आहे की लोड बेअरिंग (भार भिंतींवर) ते विचारा. त्या काळातल्या तीन मजली बऱ्याच बिल्डिंगा विटांच्या भिंतींवर उभ्या आहेत आणि लोकांनी किचन मोठं करायला भिंती पाडल्यात, बाल्कन्या आत घेतल्यात. मंजूर नकाशा मागा आणि आजचं घर त्याच्याशी ताडून बघा, तुमच्याच नाही, खालच्या दोन्ही फ्लॅटचंही. दोन, गच्चीवर जाऊन कोबा (पाणी अडवायला टाकलेला विटांच्या तुकड्यांचा थर) बघा. जुना ब्रिकबॅट कोबा न काढता त्यावरच दुसरा टाकलेला असतो कित्येक ठिकाणी, चार इंच कोब्याचं वजन चौरस मीटरला साधारण २०० किलो होतं आणि ते सगळं तुमच्या स्लॅबवर. गच्चीच्या दाराचा उंबरठा गच्चीच्या पातळीत बुडालेला दिसला तर समजा थर चढलेत.

मीनल_ठाणे

माझा अनुभव सांगते, अगदी हेच झालं होतं. आम्ही २०१९ ला ठाण्यात जुना फ्लॅट घेतला, हॉलच्या कोपऱ्यात ओल होती, विकणारे म्हणाले आम्ही करून देतो आणि आम्ही खूश झालो की चला आपला खर्च वाचला. त्यांनी कोणीतरी माणूस आणून प्लास्टर खरवडलं, वॉटरप्रूफ पुट्टी मारली, रंग दिला, दोन दिवसात काम खलास. ज्याला घर सोडून जायचंय तो सगळ्यात स्वस्त माणूसच आणणार, त्यात वाईट हेतू असतोच असं नाही, पण पुढचा पावसाळा त्याला बघायचा नसतो.

दुसऱ्या पावसाळ्यात रात्री अकराला छताचा एक तुकडा मुलीच्या अभ्यासाच्या टेबलावर पडला, पोळपाटाएवढा. ती दहा मिनिटांपूर्वी झोपायला गेली होती. टेबलाची काच फुटली, आत गंजलेली सळई उघडी दिसत होती आणि तिच्या वहीवर सगळा लाल चुरा. आजही लिहिताना हात थरथरतो माझा.

म्हणून अगदी कळकळीने सांगते, पैसे कमी करून घ्या आणि दुरुस्ती स्वतः उभं राहून करा, राहायला जायच्या आधी. सळई पूर्ण उघडी करून घासून गंज काढायचा, केमिकल लावायचं, पॉलिमर मॉर्टरने भरायचं, हे मला आता पाठ झालंय. आणि आतलं काम गच्चीच्या आधी करू नका, आम्ही तेही केलं होतं आणि पुन्हा पैसे घातले.

माजी_सेक्रेटरी

गच्चीबद्दल मी बोलतो, अकरा वर्षं आमच्या सोसायटीचं दप्तर सांभाळलंय. आदर्श उपविधींप्रमाणे (सोसायट्यांची नमुना नियमावली) गच्ची, बाहेरच्या भिंती, बाहेरच्या कॉमन पाइपलाइन, छताची स्ट्रक्चरल दुरुस्ती आणि गच्चीतून पाणी झिरपून वरच्या मजल्याचं सीलिंग आणि प्लास्टर खराब झालं असेल तर तेसुद्धा सोसायटीच्या खर्चाने करायचं असतं. बाथरूम-सिंकची गळती मात्र ज्याची त्याने. मेंबर लोकांना हे माहीत नसतं आणि कमिट्या आपणहून सांगत नाहीत.

पण तुम्ही अजून मेंबर नाही, तेव्हा अर्ज काकांनी करायला हवा, आत्ताच, फोटो लावून, आणि पोच घ्यायला हवी. तुम्ही फ्लॅट घेतल्यावर अर्ज कराल तर पहिला वर्षभराचा वेळ "बघू पुढच्या मीटिंगला" यातच जाईल. सोसायटीने लेखी दिलं की अमुक महिन्यात गच्चीचं वॉटरप्रूफिंग घेतोय, तर ते पत्र तुमच्या फाइलला सोन्यासारखं आहे.

सोसायटीकडून आणखी काय मागायचं: शेवटचा स्ट्रक्चरल ऑडिट रिपोर्ट. १५ ते ३० वर्षांच्या बिल्डिंगला दर पाच वर्षांनी आणि ३० वर्षांवरच्या बिल्डिंगला दर तीन वर्षांनी ऑडिट करायचं असतं, तुमची बिल्डिंग दुसऱ्या गटात येते. गेल्या तीन वर्षांचे एजीएमचे (वार्षिक सभेचे) मिनिट्स वाचा, त्यात गच्चीचं रडगाणं किती वेळा आलंय ते दिसेल, आणि मोठ्या दुरुस्तीसाठी प्रत्येकी इतके काढायचे असा ठराव झालाय का तेही दिसेल. झाला असेल तर ती रक्कम काकांनी भरायची की तुम्ही हे आत्ताच ठरवा. ट्रान्सफर प्रीमियम महापालिका हद्दीत जास्तीत जास्त २५,००० आहे, त्याच्यावर "ऐच्छिक देणगी" कोणी मागितली तर द्यायची गरज नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, रीडेव्हलपमेंट. कोथरूडमध्ये तुमच्या वयाच्या किती बिल्डिंगा पाडून नव्या होतायत ते बघताच आहात. बोलणी कुठवर आलीत विचारा, कन्व्हेयन्स (जमीन सोसायटीच्या नावावर होणं) झालंय का विचारा. दोन वर्षांत बिल्डिंग पडणार असेल तर नवीन किचन आणि टाइल्सवर पाच-सात लाख घालू नका, फक्त डोक्यावर काही पडणार नाही एवढं करा.

कागद_तपासणारा

वकिली करतो, थोडक्यात लिहितो. तपासणी साठेखताच्या आधीच उरका, कारण साठेखत नोंदवताना पुण्यात ७ टक्के स्टॅम्प ड्युटी आणि ३०,००० नोंदणी फी जाते, म्हणजे ८२ लाखांवर जवळपास ६ लाख. नंतर सौदा मोडला तर परताव्यासाठी खेटे घालावे लागतात. किंमत कमी करायची तर तीही साठेखतातच कमी दाखवा, वर हातात रोख वगैरे अजिबात नको. फक्त रेडी रेकनरची (सरकारी दराने धरलेली) किंमत वर असेल तर ड्युटी तिच्यावर लागेल, तेवढं आधी बघून घ्या.

मसुद्यात घाला: गळती आणि भेगेची माहिती विक्रेत्याने दिलेली आहे, इंजिनिअरचा रिपोर्ट परिशिष्ट म्हणून जोडलाय, आणि तुमच्या स्वतःच्या हिश्शातले अमुक लाख ताबा देताना आणि सोसायटीचं ना हरकत पत्र मिळाल्यावर द्यायचे. बँकेच्या पैशातून रक्कम अडवून ठेवणं अवघड जातं, स्वतःच्या पैशातून जमतं. विसाराची पावती बदलून घ्या, "तांत्रिक तपासणीत गंभीर दोष निघाल्यास विसार परत" हे एक वाक्य त्यात असू द्या.

एक विचारायचं राहिलं, फ्लॅट काकांच्या एकट्याच्या नावावर आहे का? काकूंचं नाव असेल आणि त्या हयात नसतील तर नॉमिनी असणं पुरत नाही, मुलांची हक्कसोडपत्रं नोंदवलेली हवीत. आणि ५० लाखांवरचा व्यवहार आहे, १ टक्का टीडीएस (विक्रेत्याच्या रकमेतून कापायचा आयकर) तुम्ही कापून भरायचा आहे.

वाडा_ते_फ्लॅट

सगळे छतावर बोलतायत, पाणी आणि वीजही बघा. किचन, बाथरूम, बेसिनचे सगळे नळ एकदम सोडा, एकाची धार बोटाएवढी झाली तर जुना जीआय (लोखंडी) पाइप आतून गंजून बुजत आलाय. बाथरूमची जाळी कापडाने बंद करून इंचभर पाणी २४ तास साठवा आणि दुसऱ्या दिवशी खालच्यांच्या घरी जाऊन त्यांचं छत बघा, खालची वहिनी तुम्हाला जे सांगेल ते कोणताच रिपोर्ट सांगणार नाही. मीटरपाशी अजून चिनीमातीचे फ्यूज असतील आणि अर्थिंग नसेल तर वायरिंग पूर्ण बदलायचं धरून चाला.

नवखा_कोथरूड

सगळ्यांचे मनापासून आभार, बारा दिवसांनी लिहितोय.

इंजिनिअर शनिवारी आले होते, मीही हातोडी धरली. मधली बेडरूम, हॉल टणटण. मागच्या खोलीत भेगेपासून झाडाच्या बाजूच्या भिंतीपर्यंत साधारण चार बाय तीन फुटांचा तुकडा बदबद वाजतो. फोडलं तर सळईपर्यंत गुलाबी रंग आलाच नाही, सळईच्या मागे मात्र आला. ते म्हणाले रोग खालच्या थरातच आहे, सळई घासल्यावर किती उरते ते बघू पण बदलायची वेळ बहुधा नाही. बिल्डिंग फ्रेम स्ट्रक्चर आहे, भिंती कोणी पाडलेल्या नाहीत. गच्चीवर मूळ कोब्यावर एकच थर आहे पण पावसाच्या पाइपचं तोंड आंब्याच्या पानांनी गच्च भरलं होतं आणि बरोबर आमच्या कोपऱ्यात पाणी तुंबल्याची काळी रेघ होती. ज्या झाडामुळे घर आवडलं त्याचीच पानं निघाली.

खालच्या वहिनींकडेही गेलो, बाथरूम कोरडं आहे. वायरिंग मात्र सगळं बदलायचंय.

रिपोर्ट घेऊन काकांकडे गेलो तेव्हा फार धाकधूक होती, त्यांनी चष्मा लावून सगळा वाचला आणि म्हणाले मला खरंच एवढं माहीत नव्हतं, मुलाने रंग देऊन घ्या म्हटलं म्हणून दिला. ८२ चे ७८ लाख ५० हजार झाले, रेडी रेकनर त्याच्याही खाली आहे. ३ लाख ताब्याच्या वेळी. काकांनी सोसायटीला अर्ज दिला, पोच माझ्याकडे आहे, कमिटीने ऑक्टोबरनंतर वॉटरप्रूफिंग घेऊ असं लिहून दिलंय. फ्लॅट काका-काकूंच्या दोघांच्या नावावर आहे आणि काकू आहेत, दोघंही सहीला येणार. पुढच्या गुरुवारी साठेखत.

एकच शंका, पाऊस तोंडावर आलाय आणि गच्ची ऑक्टोबरनंतर, मग चार महिने त्या खोलीचं काय करू?

सळई_आणि_सिमेंट

सुटलेलं काँक्रीट आत्ताच पाडून घ्या, ते लटकत ठेवू नका. सळई घासून गंजरोधक कोट मारा आणि उघडीच राहू द्या, भरायचं काम गच्ची झाल्यावर आणि स्लॅब पूर्ण वाळल्यावर. गच्चीवर त्या कोपऱ्यात पावसाळ्यापुरती ताडपत्री आणि पाइपच्या तोंडाला जाळी, सोसायटीला सांगून तुम्हीच बसवा, हजार-दोन हजारांचं काम आहे. पानं दर रविवारी काढा. आणि तोपर्यंत त्या खोलीत झोपू नका कोणी.